साडेसात चौरस फूट

गिनी पिगच्या पिंजऱ्यासाठी फोन येतो तेव्हा समोरचा माणूस पहिल्याच दमात माप सांगतो. "कपाट आणि भिंतीच्या मध्ये वीस इंच जागा आहे, त्यात बसेल असा करा." किंवा, "शूरॅकवर ठेवायचाय, दीड फुटाच्या वर नको." हे माप असतं घरातल्या कोपऱ्याचं. जनावरं किती, केवढी, नर की मादी, हे मला खोदून खोदून विचारावं लागतं.

आमचं पुण्यात धायरीला फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. वडिलांच्या वेळेपासून खिडक्यांची ग्रिलं, सेफ्टी डोअर, जिन्याचे कठडे ही आमची कामं. ग्रिलच्या धंद्यात खिडकी केवढी आहे ते मोजायचं आणि तेवढंच भरून काढायचं, यात काही चूक नाही. ग्रिलमागे कुणी राहत नाही. पिंजऱ्यात राहतं, आणि गिनी पिग तर पाच ते आठ वर्षं राहतं. म्हणून पिंजऱ्याच्या ऑर्डरीला मी गिऱ्हाइकाशी जेवढं बोलते तेवढं सेफ्टी डोअरच्या ऑर्डरीला कधी बोलत नाही.

आमच्याकडे पिंजरे आले ते दुरुस्तीच्या वाटेने. ट्रे गंजला, दाराची कडी तुटली, तळाची जाळी सुटली, की लोक वेल्डिंगला घेऊन येत. गिनी पिगची लघवी ढगाळ असते, तिच्यात कॅल्शियम भरपूर असतं. ती पत्र्यावर सुकली की पांढरा थर बसतो आणि त्याखाली पत्रा खाल्ला जातो. हा थर घासून निघत नाही, व्हिनेगर ओतून ठेवलं की सुटतो. असे ट्रे साफ करताना पिंजऱ्यांची मापं डोळ्यांखालून जायची. बाजारात मिळतो तो बहुतेक दीड फूट बाय एक फूट, फार तर दोन बाय दीड. मुळात पक्ष्यांसाठी किंवा सशाच्या पिलांसाठी म्हणून विकला जाणारा, तळाला जाळी आणि जाळीखाली ओढून काढायचा ट्रे. दुकानात पिल्लू मुठीएवढं असतं, त्यामुळे दोन बाय दीडचा पिंजरा ऐसपैस वाटतो. सहा-आठ महिन्यांत तेच पिल्लू वीतभर लांब आणि किलोभर वजनाचं होतं.

एका शाळकरी मुलीने दुरुस्तीला आणलेल्या पिंजऱ्यात जनावर आतच होतं. घरी दुसरीकडे ठेवायला जागा नाही म्हणाली. मामांनी, म्हणजे आमच्या वेल्डरनी, त्याला अलगद उचलून पालथं धरलं आणि मला बोलावलं. मागचे पाय बघा म्हणाले. गिनी पिगच्या पुढच्या पायांना चार-चार बोटं असतात, मागच्यांना तीन-तीन, आणि तळवा उघडा असतो, मऊ, केस नसलेला. याचे दोन्ही तळवे लाल होऊन सुजले होते, एकावर जाड खपली होती. जाळीच्या तळावर रात्रंदिवस उभं राहिलं, हालचाल नसल्यामुळे वजन वाढलं, खालचा ओलावा पायाला लागत राहिला, की असं होतं. खपलीखाली पू होऊन तो पार हाडापर्यंत जाऊ शकतो. त्या पिंजऱ्याची कडी आम्ही जोडून दिली, तळाच्या जाळीवर तिथल्या तिथे प्लायचा तुकडा कापून बसवला, आणि मुलीला आईबरोबर लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. तेव्हापासून आमच्याकडून जाळीच्या तळाचा पिंजरा बाहेर पडत नाही. कुणी कितीही म्हटलं, की खालून घाण पडून जाते, सोयीचं असतं, तरी नाही.

तळाचं झालं, पण खरा वाद होतो तो मापाचा. इथे मी तोंडी समजावण्यापेक्षा कागदावर आकडे मांडते. समजा पिंजरा दोन बाय दीड आहे. झाला तीन चौरस फूट. गिनी पिगला लपायला जागा लागतेच. दचकलं की ते आधी अंधारात शिरतं, आणि ते घर मिळालं नाही तर दिवसभर धास्तावलेलं राहतं. दोन जनावरांना दोन घरं, कारण एकात दोघं शिरली की भांडणं. एक घर साधारण बारा इंच बाय नऊ इंच. दोन घरांत दीड चौरस फूट गेला. गवताचा ट्रे फूटभर लांब-रुंद, कारण गवत हेच त्यांचं मुख्य अन्न. दात आयुष्यभर वाढत असतात, ते गवत चावूनच झिजतात, म्हणून गवत हवं तेव्हा आणि हवं तेवढं समोर असावं लागतं. तो एक चौरस फूट गेला. उरला अर्धा. त्यातच खाण्याची वाटी, पाण्याच्या बाटलीखालची ओली जागा, आणि उरल्यासुरल्यात दोन किलो-किलोची जनावरं. कागदावर हे मांडलं की बहुतेकांचा आवाज बदलतो.

अमेरिकेतल्या ह्यूमेन सोसायटीची शिफारस दोन गिनी पिगना किमान ७.५ चौरस फूट अशी आहे, आणि जमलं तर १०.५. तिघांना किमान १०.५, चौघांना १३. ब्रिटनमध्ये जोडीसाठी १२० सेंटिमीटर बाय ६० सेंटिमीटर हे माप सांगतात, म्हणजे आपल्या हिशेबाने चार बाय दोन, आठ चौरस फूट. दोन वेगवेगळ्या देशांतली माणसं जवळजवळ त्याच आकड्यावर आली आहेत. विशेष म्हणजे ह्यूमेन सोसायटीने एकट्या गिनी पिगलाही साडेसातच सांगितले आहेत. एक कमी झालं म्हणून पळायला लागणारी जागा निम्मी होत नाही.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवते. अमेरिकेत प्रयोगशाळांसाठी जी मार्गदर्शिका वापरतात तिच्या २०११च्या आवृत्तीत ३५० ग्रॅमच्या वरच्या गिनी पिगला किमान १०१ चौरस इंच जमीन आणि ७ इंच उंची दिली आहे. १०१ चौरस इंच म्हणजे प्रिंटरमध्ये घालतो त्या ए-फोर कागदापेक्षा केसभर जास्त. प्रयोगशाळेत जनावर जिवंत ठेवायचं असतं, मोजायचं असतं, आणि जागा वाचवायची असते. लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८०च्या दशकात पॅरिसमध्ये बर्फाच्या भांड्यात गिनी पिग ठेवून त्याच्या अंगातून किती उष्णता बाहेर पडते ते मोजलं, निदान तेव्हापासून हे जनावर शास्त्रज्ञांच्या टेबलावर आहे. घरात आणलेल्या जनावराला ते माप लावायचं काहीच कारण नाही. पण दीड बाय एकच्या पिंजऱ्यात दोन गिनी पिग भरले की प्रत्येकाच्या वाट्याला १०८ चौरस इंच येतात. आपण प्रेमाने पाळतो म्हणतो आणि जागा प्रयोगशाळेइतकी देतो, हे मला फार लागतं, आणि मी ते गिऱ्हाइकाला तसंच सांगते.

त्याउलट हे जनावर ज्या मुलखातलं, त्या दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या घरांमध्ये ते हजारो वर्षं पाळलं गेलं आहे. तिथे ते पाळतात खाण्यासाठी, आणि कूय म्हणतात. पण जुन्या पद्धतीच्या घरांत कूय स्वयंपाकघरात मोकळे असतात. चुलीच्या आसपास, भिंतीच्या कडेकडेने फिरतात, भाजीचे देठ खातात. म्हणजे माणसाच्या घरात त्याचा पहिला मुक्काम अख्ख्या खोलीच्या जमिनीवर होता. त्याचे रानटी भाऊबंद गवतातून वाटा पाडून धावतात. चढणं, उड्या मारणं, बीळ खणणं हे त्यांचं काम नाही. सपाट जमिनीवर सरळ रेषेत धूम ठोकणं हीच त्यांची कसरत आणि हाच बचाव.

म्हणून उंचीचा आग्रह धरणाऱ्यांना मी थांबवते. "ताई, जमिनीवर जागा नाही, तीन मजली करून द्या," असं पुष्कळजण म्हणतात. खारीला, पोपटाला मजले चालतील. गिनी पिगला वरचा मजला ही जास्तीची चैन झाली, खालच्या जमिनीत तो धरायचा नाही. रॅम्प जास्त उभा असला की ते चढत नाही, चढलं तर उतरायला घाबरतं, आणि घसरून पडलं तर पाय मोडतो. मजला हवाच असेल तर रॅम्प लांबलचक, कमी उताराचा, दोन्ही बाजूंना कठडा असलेला करावा लागतो, आणि तो लांब करायला पुन्हा खाली जागा हवीच. तसंच पळायचं चाक. उंदराचं बघून लोक गिनी पिगलाही मागतात. त्याची पाठ तशी वळत नाही, चाकात पाठीला आणि पायांना इजा होते. चाक मी बनवत नाही.

साडेसात चौरस फूट डोळ्यांसमोर येत नाही, ही अडचण खरी आहे. त्यासाठी मी फोनवरच सांगते, की घरातलं वर्तमानपत्र घ्या, मधलं पान पूर्ण उघडा, जमिनीवर पसरा. त्याला लागून दुसरं पसरा. दोन उघडे पेपर म्हणजे जवळपास साडेसात चौरस फूट. मग त्या पेपरांवर उभं राहून बघा, एवढी जागा घरात कुठे निघते. पुण्यातल्या वन बीएचकेत ती निघते, मी पाहिली आहे. दिवाणाखाली निघते, टीव्हीच्या युनिटखालचा न वापरला जाणारा भाग काढला की निघते, जेवणाच्या टेबलाखाली निघते. एक आजोबा म्हणाले, "अंथरूण पाहून पाय पसरावेत, बाई." मी म्हटलं, आजोबा, पाय त्याचे आहेत आणि अंथरूण आपण घालतोय. ते हसले आणि नातवाची लोखंडी खाट फूटभर उंच करून खाली पिंजरा करायचं आमचं ठरलं. खाटेचे पाय वाढवायचं काम म्हटलं तर आमच्या नेहमीच्या धंद्यातलंच.

आकारातही फरक पडतो. तीन बाय अडीच आणि पाच बाय दीड, दोन्ही साडेसातच. पण तीन बाय अडीचमध्ये जनावराला चार ढांगांत वळावं लागतं, आणि पाच बाय दीडमध्ये मधे घर ठेवलं की दोघांना एकमेकांना ओलांडून जाता येत नाही. दबलेलं असतं ते कोपऱ्यात अडकतं. मला चार बाय दोन सगळ्यात आवडतं. प्लायचा आठ बाय चारचा एक ताव कापला की चार बाय दोनचे चार तळ निघतात, तुकडाही वाया जात नाही. आणि दोन फूट रुंदीत घराच्या बाजूने वाट राहते. लपायच्या घराला मी नेहमी दोन दारं ठेवते, एकातून दुसरं आत शिरलं तर पहिल्याला बाहेर पडायला वाट हवी.

तळाला प्लायवर सनपॅकची शीट. निवडणुकीच्या फलकांना वापरतात तीच, पोकळ पन्हळींची, हलकी प्लॅस्टिकची. पाणी पीत नाही, धुता येते, पत्र्यासारखी खाल्ली जात नाही. चार बाय दोनच्या तळाला ती पाच बाय तीन कापायची, चारही बाजूंनी सहा इंचांवर कटर फिरवायचा, पण फक्त वरचा थर कापायचा. आरपार गेला की तुकडा पडतो, वरवर राहिला की घडी नीट बसत नाही. हे हाताला कळावं लागतं. मग चारही बाजू उभ्या केल्या की सहा इंच खोल तबक तयार होतं. गवत आणि लेंड्या बाहेर उडत नाहीत. जाळी बाहेरून, पावडर कोटिंग केलेली. उघडी जस्त चढवलेली तार मी टाळते, कारण ही जनावरं गज चावत बसतात आणि जस्त पोटात गेलं की विषबाधा होते. जाळीची उंची चौदा-पंधरा इंच पुरते, ती वरून उडी मारत नाहीत. पण तळमजल्यावरच्या घरांना मी झाकण घ्यायला लावतेच. बोका येतो, घूस येते. आणि पिलं होणार असतील तर जाळी अर्ध्या इंचाची. नवजात पिल्लू डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतं, काही तासांत पळायला लागतं, आणि मोठ्या चौकटीतून सरळ बाहेर येतं.

पिलांवरून आठवलं. दुकानातून 'दोघी बहिणी' म्हणून दिलेल्या जोडीतली एक नर निघते, हे मी किती घरांत ऐकलं असेल. मादी चार-पाच आठवड्यांची असतानाच गाभण राहू शकते. गर्भ साधारण दोन महिने दहा दिवसांपर्यंत राहतो, वेतात दोन ते चार पिलं, आणि व्यायल्यावर काही तासांत ती पुन्हा गाभण राहू शकते. दोघांसाठी घेतलेला पिंजरा तीन महिन्यांत पाच-सहांचा होतो. म्हणून ऑर्डर घ्यायच्या आधी मी सांगते, डॉक्टरांकडून लिंग तपासून घ्या, मग मला फोन करा. दोन नर असतील तर मी साडेसातावर थांबत नाही, दहाच्या पुढे जायला सांगते. नर एकमेकांना अंग फुगवून, घोगरा आवाज काढत, कुल्ले हलवत दम देतात. जागा असली तर हे दमदाटीवर भागतं. नसली तर रक्त निघतं.

घाण वाढेल, ही मोठ्या पिंजऱ्याबद्दलची सगळ्यात मोठी शंका. उलट होतं. छोट्या पिंजऱ्यात सगळीकडे लघवी, सगळीकडे ओल, अमोनियाचा वास नाकात जातो आणि गिनी पिगच्या फुप्फुसांना तो फार बाधतो. मोठ्या जागेत ती ठरावीक कोपऱ्यांत आणि घरांत जास्त लघवी करतात. तेवढे कोपरे रोज काढले की बाकीचं दोन-चार दिवस चालतं. ज्यांनी पिंजरा मोठा केला त्यांच्याकडून हे मला पुन्हा पुन्हा ऐकायला मिळालं आहे.

आणि मोठा पिंजरा बसवून झाल्यावर मी लगेच निघत नाही. जनावरं आत सोडली की आधी भिंतीला चिकटून बसतात. मग नाक हलवत कडेकडेने एक फेरी, घरात शिरणं, बाहेर डोकावणं. अर्ध्या-पाऊण तासाने कधीतरी एक अचानक या टोकापासून त्या टोकाला सुटतं. दुसरं त्याच्या मागे. मग धावता धावता चारही पाय हवेत, अंगाला एक झटका, जागच्या जागी वळण, परत धाव. लाह्या फुटाव्यात तसं. हे ती आनंदात असताना करतात. कात्रज भागातल्या एका घरात जनावरं दोन वर्षांची होती आणि त्या घरच्या ताईंनी हे पहिल्यांदा पाहिलं. आधीचा पिंजरा दोन बाय दीडचा होता, त्यात सुटायला जागाच नव्हती. त्या घाबरून म्हणाल्या, "याला फिट आली का?"

जागा कुठली, हेही मापाइतकंच महत्त्वाचं. गिनी पिगला घाम येत नाही. २७-२८ अंशांच्या पुढे त्याला जड जायला लागतं, तिशीच्या वर उष्माघाताची भीती. पुण्यात एप्रिलमध्ये ग्रिल लावलेल्या बाल्कनीत दुपारी काय होतं ते मला सांगायला नको, ती ग्रिलं आम्हीच लावतो आणि दुपारी हात लावता येत नाही. नागपूर-अकोल्याहून चौकशी आली तर मी मापाच्या आधी विचारते, की दिवसभर घरातली सगळ्यात गार खोली कुठली? पिंजरा तिथे. कूलर असेल तर त्याच्या झोतात नाही, गवत ओलं होऊन बुरशी येते.

आपल्याकडे कायद्यानेही या जनावराची दखल घेतली आहे. २०१८च्या पेट शॉपच्या नियमांत कुत्रा, मांजर, ससा यांच्या बरोबरीने गिनी पिगचं नाव आहे आणि दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. पण दुकानातून बाहेर पडल्यावर ते कुठे राहणार हे घरच्यांवरच सोडलेलं असतं. स्वित्झर्लंडमध्ये २००८पासून एकटं गिनी पिग पाळायलाच बंदी आहे, कारण हे कळपाचं जनावर आहे.

त्यामुळे मला सगळ्यात अवघड जातो तो एक फोन. जोडीतलं एक गेलेलं असतं, आणि माणूस म्हणतो, आता एकच उरलंय, पिंजरा कापून अर्धा करून द्या, जागा मोकळी होईल. अलीकडे सहकारनगरमधल्या एका काकांनी हेच सांगितलं. मी गेले, पिंजरा पाहिला, आणि कापायच्याऐवजी मधोमध बसेल अशी दोन फुटी जाळीची चौकट करून दिली. काका म्हणाले, म्हणजे अर्धाच झाला की. म्हटलं, तात्पुरता. दुसरं एखादं आणा, शक्यतो कुणाला नकोसं झालेलं. पहिले दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, आजार असला तर कळेल. मग या जाळीच्या पलीकडे. एकमेकांचा वास, आवाज ओळखीचा होऊ द्या, दोन्ही बाजूंना गवत जाळीला लागूनच ठेवा म्हणजे शेजारी बसून खातील. आठवड्याभराने जाळी काढा, तेव्हा समोर बसून राहा आणि हाताशी जाड टॉवेल ठेवा. चौकटीला स्क्रू नाहीत, दोन पिना आहेत. पाना न लागता, एका हाताने निघते. काकांनी ती दोनदा काढून लावून पाहिली आणि मग विचारलं, नर आणावा की मादी? त्यांचं उरलेलं मादी होतं. मी मादीच सांगितली, आणि नर आणायचाच झाला तर खच्ची करून, महिना-दीड महिना वेगळा ठेवून मगच.